खिडकीतली जास्तीची फुलं

समोरची पायरी

डोरीन हॅलम शनिवारी सकाळी रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला उभी होती. बँक समोर आणि ती इकडे, तंबाखूवाल्याच्या पायरीवर. तंबाखूवाला जाऊन जमाना झाला. आता तिथे वाफ ओढायच्या नळ्या विकतात आणि दुकानाला फळांच्या गोळ्यांचा वास येतो. पण पायरी तीच, मधोमध झिजलेली. त्या झिजेत आपल्या टाचांचाही थोडा वाटा आहे, असं डोरीन मानायची.

बँकही आता बँक राहिली नव्हती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विटा होत्या, टोकदार छपरं होती, खिडक्यांवरची दगडी मुंडकीही होती, आणि त्यातल्या ज्या नाक फुटलेल्या मुंडक्याला सगळी शाखा ‘साहेब’ म्हणायची ते मुंडकंही होतं. दारावरचं नाव तेवढं गेलेलं. नंतर इथे गालिच्यांचं दुकान झालं, मग नाचायचा क्लब, मग बरीच वर्षं कबुतरं. आजपासून इथे लोक जेवायला येणार होते. नव्या मालकांनी दार उघडण्याआधी जुन्या कर्मचाऱ्यांना कॉफीला बोलावलं होतं.

“अगं ए, पुतळ्या! कॉफी आत आहे.”

ही म्यूरिअल. एकेकाळची बँकेतली टायपिस्ट, तेव्हापासूनची मैत्रीण. ती रस्ता ओलांडून आली, ट्रामला हात दाखवून, जणू ट्राम तिच्यासाठीच थांबते.

“तू हो पुढे. मी येते.”

“गुडघा दुखतोय?”

“नाही.”

“मग क्लिफर्ड वॉर्सॉप दुखतोय.”

डोरीननं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

“येतोय तो,” म्यूरिअल म्हणाली. “परवा फोनवर मीच बोलले ना. कार्लाइलहून कालच आलेत, स्टेशनजवळ उतरलेत. बायकोही आहे बरोबर.” मग जरा थांबून, “विचारणार आहेस?”

“हो.”

“नक्की?”

“आज विचारणार.”

विचारायचं होतं ते एवढंच: ती फुलं कोणासाठी होती?

पहिला आत, दुसरा बाहेर

सकाळी शाखा उघडायची एक रीत होती. गिऱ्हाइकांना ती ठाऊक नसायची, आणि ठाऊक नसण्यावरच सगळं चालायचं.

किल्ल्या दोघांकडे. दोघांनी एकदम आत जायचं नाही. एकानं आत शिरायचं, दुसऱ्यानं रस्त्यापलीकडे थांबायचं, दुकानाच्या काचेत काहीतरी बघत असल्यासारखं. आतल्यानं तळघरापासून माळ्यापर्यंत हिंडून यायचं, रात्री कोणी घुसून दबा धरून बसलेलं नाही ना ते बघायचं, आणि मग वरच्या खिडकीत ठरलेली खूण करायची. खूण दिसली की बाहेरच्यानं यायचं. कधी कॅलेंडर उलटं, कधी पडदा अर्धा. खूण बदलत राहायची.

डोरीन नवी होती तेव्हा क्लिफर्डनं तिला हे सगळं समजावलं होतं, याच पायरीवर.

“ठरलंय तेवढंच, मिस हॅलम. कमी नाही आणि जास्तही नाही. कोणी माझ्या मानेला पिस्तूल लावलं तर मी खुणेत काहीतरी बिघडवणार. म्हणून जरा जरी वेगळं दिसलं तरी वळायचं आणि चालू लागायचं. पळायचं नाही. चालायचं. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या लाल डब्यातून पोलिसांना फोन.”

“आणि तुम्ही नुसताच वेंधळेपणा करून बसला असाल तर?”

“तर माझी शोभा होईल. तुम्ही जिवंत राहाल.”

हे त्यानं हसत हसत सांगितलं होतं. तो हसला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. डोरीननं नियम तिथल्या तिथे पाठ केला. पाळ्याही.

वाट

बायका नवऱ्यांची वाट बघतात ती संध्याकाळी. डोरीन सकाळी बघायची, आणि नवरा नसलेल्या माणसाची.

तो आत शिरला की दार मागे बंद व्हायचं, आणि मग तो कुठे असेल ते ती खिडक्यांवरून ओळखायची. जिन्याच्या रंगीत काचेवर सावली. आता मॅनेजरची खोली. आता काहीच नाही, म्हणजे मागचा माळा. आता. आता खूण. हिवाळ्यात पाय बधिर व्हायचे, आणि तरीही त्यानं अजून एक खोली बघावी, अजून एक कपाट उघडावं असं तिला वाटायचं, कारण खूण झाली की ती आत जाणार, आणि आत गेलं की ती मिस हॅलम आणि तो मिस्टर वॉर्सॉप. मध्ये काउंटर.

या शहरात लाडानं सगळे सगळ्यांना ‘बदके’ म्हणतात. बसवाला म्हणतो, मटणवाला म्हणतो, पावतीवर शिक्का मारणारा अनोळखी माणूस म्हणतो. त्यात काही नसतं. डोरीनला शहरभर सगळे बदके म्हणायचे. एकटा क्लिफर्ड म्हणायचा नाही.

त्याच्या न म्हणण्यात काहीतरी आहे, अशी तिची समजूत होती. किंवा आशा. दोन्हींत फरक असतो हे तिला तेव्हा कळत नव्हतं.

जास्तीचं

तो भाजणारा उन्हाळा होता. पाऊस नाहीच. बागेला नळी लावायला बंदी, मैदानं तपकिरी, लोक भांडी धुतलेलं पाणी टोमॅटोला घालायचे. त्या महिन्यातली खूण सोपी होती: मॅनेजरच्या टेबलावरचा हिरव्या काचेचा दिवा खिडकीत, डाव्या कोपऱ्यात, न पेटवलेला.

क्लिफर्ड आत गेला. सावली जिन्यात. सावली मॅनेजरच्या खोलीत. मग

दिवा. डाव्या कोपऱ्यात. न पेटवलेला.

आणि शेजारी पाण्याच्या पेल्यात फुलं. स्वीट पीची. गुलाबी, जांभळी, पांढरी, एवढी मोठी जुडी. त्या उन्हाळ्यात शहरात कोणाकडेच फुलं नव्हती. एवढी फुलं उगवायला कोणीतरी रोज बादल्या वाहिल्या असणार.

डोरीन बघत राहिली. दिवा बरोबर होता. तिचा पाय पायरीवरून उतरलासुद्धा.

पण ठरलं होतं तेवढंच. कमी नाही आणि जास्तही नाही.

आणि मग तिला ते दिसलं: त्याच्या मानेला लावलेलं पिस्तूल. खरोखर दिसलं. कोणीतरी मागे उभं आहे, म्हणतंय, लाव तुझी खूण, आणि क्लिफर्ड खूण लावतोय, पण हाताला लागलं ते काहीतरी जास्तीचं ठेवतोय, तिला कळावं म्हणून. तिनं जिवंत राहावं म्हणून. ती वळली आणि चालू लागली. पळाली नाही. आयुष्यात एवढं हळू ती कधी चालली नव्हती. लाल डब्यात शिरली, नंबर फिरवला, आणि पलीकडच्या बाईला शाखेचं नाव सांगताना रडत होती.

पोलिसांनी कुत्रे आणले. दार फोडलं. क्लिफर्ड वॉर्सॉपला त्यांनी संगमरवरी काउंटरवर गाल दाबून धरलं, हात मागे, तेव्हा त्याच्या एका हातात पाण्याचा जग होता म्हणे. फुलांना आणखी पाणी घालायला निघाला असेल.

तीच सकाळ, आतून

(डोरीन तिथे नव्हती. पण तिनं ती सकाळ इतक्या वेळा आतून पाहिली आहे की फरशीचा थंडावा तिच्या तळव्यांना माहीत आहे.)

तो पेल्यात पाणी भरतो. फुलं आईसाठी आहेत. संध्याकाळी तिच्याकडे जायचंय, तोवर कोमेजू नयेत म्हणून तो ती गारव्याला खिडकीत ठेवतो.

खिडकीत? गारव्याला? ती पूर्वेची खिडकी. सकाळचं ऊन थेट आत. नाही. पुन्हा.

तो पेल्यात पाणी भरतो. फुलं म्यूरिअलसाठी आहेत. म्यूरिअलचे पाय तेव्हा प्रसिद्ध होते. तो ती तिच्या टायपरायटरवर ठेवणार आहे, आत्ता फक्त

म्यूरिअल साडेनऊच्या आधी कधी आली आहे? पुन्हा.

तो पेल्यात पाणी भरतो. बापाच्या वाफ्यातली फुलं, पहाटे तोडलेली. तो दिवा डावीकडे सरकवतो. शेजारी फुलं ठेवतो. मागे सरून बघतो. समोरच्या पायरीवर एक मुलगी आहे, निळा कोट हातावर घेतलेली, वर बघणारी. तो हात हलवत नाही. हात हलवणं जास्तीचं होईल.

इथे डोरीन दर वेळी थांबायची. पुढचं तिला यायचं नाही.

नंतरचं, थोडक्यात

मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, “फुलं कोणासाठी, वॉर्सॉप?”

“आईसाठी, सर.”

वरच्या कचेरीनं त्याला महिन्याच्या आत कार्लाइलला पाठवलं. कार्लाइल म्हणजे जवळजवळ स्कॉटलंड. सगळ्या शहराला हसायला एक गोष्ट मिळाली. खानावळीत कोणी कोणाला फूल दिलं की कोणीतरी ओरडायचं, “पोलिसांना बोलवा रे!” चिप्सच्या दुकानातल्या बाईनं डोरीनला तोंडावर विचारलं, “कुठला दरोडेखोर फुलं घेऊन येतो गं, बदके?”

निरोपाच्या दिवशी क्लिफर्डनं सगळ्यांशी हात मिळवला. डोरीनशीही. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो खरंच ‘आईसाठी’ म्हणाला असता तर? न विचारता निदान मनातली तिसरी सकाळ तिच्याजवळ राहत होती, फरशीच्या थंडाव्यासकट.

मग शाखा बंद होईपर्यंत ती तिथेच होती. लग्न झालं नाही. एकदा होता होता राहिलं; तो माणूस बरा होता, पण तो कुठेही सरळ आत शिरायचा. परसात ती दर वर्षी स्वीट पी लावते. म्यूरिअलला त्यातली एक जुडी मिळते, आणि म्यूरिअल, जी प्रत्येक गोष्टीवर बोलते, त्यावर कधी बोलली नाही.

वर

“वर अजून सगळं लावून झालेलं नाही हं,” दारातली मुलगी म्हणाली. कीली नाव तिचं, नव्या हॉटेलची मॅनेजर, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. “पण जा की. तुमचीच जागा.”

जिना तोच. रंगीत काच तीच, फक्त एक तुकडा साधा बसवलेला. मॅनेजरच्या खोलीत आता चौघांची टेबलं होती, आणि प्रत्येक टेबलावर हिरव्या काचेचा दिवा. नवे, हलके, जुन्यासारखे दिसावेत म्हणून आणलेले. डोरीननं एक उचलला. पुठ्ठ्याचा असावा तसा लागला.

तिनं दिवा खिडकीत ठेवला, डाव्या कोपऱ्यात. मग ओल्या वर्तमानपत्रातून फुलं सोडवली, पाण्याच्या पेल्यात घातली आणि दिव्याशेजारी ठेवली. पडद्याआड सरकली.

तोंडानं विचारायचं धैर्य आपल्याला होणार नाही, हे तिला पायरीवरच कळलं होतं. हे असं विचारता येईल. ती फुलं आईसाठी असतील तर तो वर बघणारही नाही. बघितलं तरी हसेल, बायकोला गंमत सांगेल आणि आत येईल.

आयुष्यात पहिल्यांदा ती आतल्या बाजूला होती.

ती दोघं आली. कोपऱ्यावरून, हळूहळू. तो वाकला होता. टोपी होती. कान तेच. बायको ठेंगणी, लाल स्कार्फ, सारखी बोलणारी. रस्त्यापलीकडेच दोघं थांबली, दुकानासमोर. बायकोनं त्याच्या कोटाचं बटण लावलं आणि एकटीच रस्ता ओलांडू लागली. तो राहिला. पायरीवर चढला.

आणि त्यानं वर बघितलं.

खाली

खालून आवाज येत होते. म्यूरिअलचा सगळ्यांत वर.

“तुम्ही एकट्याच? नवरा कुठे सांडला?”

“बाहेर उभाय. येईल.” बाईंचा आवाज उत्तरेकडचा, शब्द चघळून बोलणारा. “त्याचं तसंच आहे. हॉटेल असो, दवाखाना असो, माझ्या बहिणीचं घर असो. आधी मला आत पाठवतो. मी दारातून हात केला की मग येतो. लग्न झाल्यापासून. लग्नातसुद्धा! पाद्री खोळंबला होता.”

कोणीतरी हसलं.

“मी म्हणते, बँकेनं माणूस दिला पण वापरलेला दिला.”

डोरीननं पडदा घट्ट धरला. म्हणजे इतकी वर्षं रोज. कोणीतरी आत जात होतं, आणि तो बाहेर थांबत होता, आणि त्याला कोणीतरी हात करत होतं. ती एल्सपेथ नावाची बाई. नाव म्यूरिअलनं सांगितलं होतं. डोरीनला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला तो हेवा, आणि तोही त्या हात करण्याचा. लग्नाचा नाही. त्याच्या आडनावाचाही नाही. नुसता दारातून एक हात वर, आणि तो येतोय.

एल्सपेथ दारात गेली. हात केला.

क्लिफर्ड आला नाही.

“काय झालं याला?” तिनं पुन्हा हात केला, मोठा, कपडे वाळत घालतात तसा. “क्लिफर्ड! ये की रे! कॉफी गार होतेय!”

तो तिच्याकडे बघतच नव्हता. टोपी काढून त्यानं छातीशी धरली होती. ट्राम मधून गेली, तो क्षणभर दिसेनासा झाला, ट्राम गेली आणि तो तिथेच. वर बघत. एक पाय पायरीवरून उतरलेला. डोरीनला तो पाय माहीत होता. तो तिचाच पाय होता, त्या उन्हाळ्यातला.

त्यानं कोपऱ्याकडे बघितलं. लाल डबा अजून आहे तिथे. आत फोन नाही, कोणाचं हृदय थांबलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. तो वळला नाही. आलाही नाही. नियमात बसणारं काहीच त्यानं केलं नाही. तो नुसता तिथे उभा राहिला, आणि एवढ्या लांबूनसुद्धा तिला दिसलं की त्याच्या कानाच्या पाळ्या

दिवा

फुलं कोणासाठी होती ते तिला कळलं.

ती कितीतरी वेळ हलली नाही. हलली की ते संपणार होतं. खाली कॉफी गार होत होती, एल्सपेथ हाका मारत होती, आणि तो, साऱ्या जगात तो एकटा माणूस, तिच्या खुणेसाठी थांबला होता. तिला वाटलं, त्यानं अजून जरा थांबावं. अजून एक खोली. अजून एक कपाट.

पण त्याच्या गुडघ्यांना उभं राहणं झेपत नव्हतं. ते इथून दिसत होतं. आणि खाली दारात एक बाई होती, ती आता काळजीनं हाक मारत होती.

डोरीननं फुलं खिडकीतून उचलली. वर्तमानपत्रात गुंडाळली. पिशवीत घातली. पेला टेबलाखाली ठेवला. खिडकीत उरला तो दिवा, डाव्या कोपऱ्यात, न पेटवलेला. ठरलंय तेवढंच.

त्यानं टोपी घातली आणि रस्ता ओलांडला.

सगळं ठीक

ती जिना उतरून आली तेव्हा तो काउंटरपाशी होता. काउंटर आता दारूचा होता, पण संगमरवर तोच, आणि त्यावर तो तळहात ठेवून उभा होता, जिथे त्याचा गाल दाबला होता त्याच्या जवळपास.

“मिस हॅलम.”

“मिस्टर वॉर्सॉप.”

हात मिळवले. त्याचा हात गार होता.

“सगळं ठीक?” त्यानं विचारलं.

“सगळं ठीक.”

कीलीनं कप आणून ठेवले. म्यूरिअल एल्सपेथला साहेबाच्या फुटक्या नाकाची गोष्ट सांगत होती, हातवारे करून.

“दिवा डावीकडे होता,” तो खाली बघत म्हणाला.

“त्या दिवशीही होता.”

“हो.”

“पण जास्तीचं होतं.”

“जास्तीचं होतं.” त्यानं मान हलवली, हळूहळू, हिशेब पटल्यासारखी. “तू बरोबरच केलंस, बदके.”

शहरातला सगळ्यांत स्वस्त शब्द. बसवाल्यानं सकाळीच तिला तो फुकट दिला होता.

डोरीनला काहीतरी म्हणायचं होतं. तिसऱ्या सकाळबद्दल. फरशीबद्दल. तुला हात न हलवता उभं राहिलेलं मी पाहिलंय, असं काहीतरी. पण एल्सपेथ तोवर कप घेऊन आली होती, आणि खाली बघून म्हणाली, “अहो, तुमच्या पिशवीतून काय गळतंय?”

“काही नाही. फुलं आहेत.”

“बघू? अय्या, स्वीट पी! काय वास आहे.” एल्सपेथनं वाकून नाक खुपसलं. “कोणासाठी?”

क्लिफर्ड वॉर्सॉपनं मान वर केली. तो डोरीनकडे बघत होता, रस्त्यापलीकडून वर बघावं तसा.

“आईसाठी,” डोरीन म्हणाली.

म्यूरिअलनं तोंड उघडलं. डोरीनच्या आईच्या अंत्ययात्रेला ती होती, सँडविच तिनंच केली होती. तिनं तोंड मिटलं आणि साखर घेतली, जी ती कधी घेत नाही.

“भाग्यवान आहे हो तुमची आई,” एल्सपेथ म्हणाली.

“हो,” क्लिफर्ड म्हणाला. “असतात काही.”